दलाल कोणाचा?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याच्यावर घर विकायची पाळी आलेली दिसत नाही. बांधताना माणसाचा पैसा जातो, विकताना झोप जाते. आणि हल्ली शहरात स्वतः घर बांधतो तरी कोण? एकाने बांधलेले, आपण राहून झालेले घर तिसऱ्याला विकायचे आणि चौथ्याचे आपण घ्यायचे. या चौघांच्या मध्ये एक पाचवा असतो, तो दलाल. त्याच्यावाचून काम अडते आणि त्याच्यावर विश्वास टाकायला मन धजत नाही.

वर्षभर या सदरातून आपण घरखर्च, विमा, मुलांच्या शिक्षणाची तजवीज अशा गोष्टी बोलत आलो. दिवाळीच्या अंकात जागा थोडी ऐसपैस मिळते, म्हणून यंदा आमच्याच घरातली हकीगत सांगतो. ती सांगताना माझीही थोडी शोभा होणार आहे. पण वाचकांपासून काय लपवायचे?

आमचे घर डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. बाबांनी ते घेतले तेव्हा लिफ्ट आहे का, असे विचारण्याची पद्धत नव्हती. आई बाजाराच्या दोन भरलेल्या पिशव्या घेऊन ते जिने मध्ये न थांबता चढत असे. पण गेल्या दसऱ्यानंतर तिच्या गुडघ्यांनी साफ असहकार पुकारला. गॅलरीतून तिला गणपतीच्या देवळाचा कळस दिसे, पण देवळात जाणे बंद झाले. डॉक्टरांकडे न्यायचे तर इमारतीतली दोन मुले तिला खुर्चीत बसवून खाली उतरवीत. “मला सामानासारखं नेऊ नका रे,” असे ती एकदा म्हणाली, आणि त्या रात्री आम्हा नवराबायकोचे ठरले. हे घर विकायचे आणि लिफ्ट असलेले घ्यायचे. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर कामाला लागलो.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली. स्टेशनजवळच्या पाच दलालांना एकदम सांगून आलो. पाच जण खटपट करतील तर लवकर काम होईल, असा हिशेब. झाले उलटेच. एकच घर बाजारात पाच तोंडांनी आणि पाच किमतींना फिरू लागले. “इतके जण विकायला निघालेत, म्हणजे घरात काहीतरी खोट असणार,” असे पाहायला आलेल्या एका गृहस्थाने जिन्यातच बायकोला सांगितलेले आमच्या हिने ऐकले.

त्या पाचांपैकी एक जण तिसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक घेऊन हजर झाला. काचेचे दार, थंड हवेचे यंत्र, टेबलावर गणपती, असे त्याचे दुकान. “साहेब, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकोणपन्नास लाखांच्या वर कोणी जाणार नाही. पार्टी रोख टोकन घेऊन बसली आहे. उद्या मन बदललं तर मला बोल लावू नका.” मला घाम फुटला. आईची खुर्ची डोळ्यांपुढे आली आणि मी जवळजवळ ‘हो’ म्हणून बसलो.

वाचवले ते कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुलीने. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेले दस्त शोधून पाहता येतात. प्रत्येक खरेदीखताचा गोषवारा ‘सूची क्रमांक २’ मध्ये असतो. लोक त्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. कोणी विकले, कोणी घेतले, क्षेत्रफळ किती आणि किंमत किती नोंदवली, हे त्यात दिसते. आमच्याच इमारतीतली, आमच्याएवढीच दुसऱ्या मजल्यावरची जागा वर्षभरापूर्वी छप्पन्न लाखांना गेली होती! दलालाला विचारले तर म्हणाला, “त्यात फर्निचर होतं.” सात लाखांचे फर्निचर ज्या घरात होते, त्या घरी मी कैकदा चहा प्यायलो आहे. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून. पुढे आठवड्याभरात शेजाऱ्यांकडून कळले, की ती ‘पार्टी’ म्हणजे त्या दलालाचा सख्खा मेहुणा. घर स्वस्तात घ्यायचे, रंग मारायचा आणि दिवाळीपूर्वी चढ्या भावाने विकायचे, असा तो घरगुती बेत होता.

या प्रकारावर कायदा नाही असे नाही. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात दलाल आणि त्याला काम सांगणारा मालक यांच्या नात्याचे एक आख्खे प्रकरण आहे. त्याच्या २१५व्या कलमात दिलेले उदाहरण जणू आमच्यासाठीच लिहिले होते. मालकाने आपली मिळकत विकायला सांगितली आणि दलालाने ती दुसऱ्याच्या नावाने स्वतःच घेतली. दलालाने महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली, किंवा त्या व्यवहारात मालकाचे नुकसान झाले, हे दाखवता आले तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो. पुढच्या कलमात याची दुसरी बाजू आहे. घर घ्यायला नेमलेला दलाल “ते मिळत नाही” असे सांगून स्वतःच ते घेऊन बसला, तर त्याने दिलेल्याच किमतीला ते मालकाला देणे त्याला भाग पडू शकते. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना ही खोड ठाऊक होती, म्हणजे ती काही डोंबिवलीत जन्मलेली नाही.

पण मी तावातावाने एका वकील स्नेह्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. “तो तुमचा दलाल होता, याला कागद काय?” कागद कुठला! दुकानात जाऊन मी फक्त पत्ता सांगितला होता आणि किल्ली कोणाकडे असते ते सांगितले होते. तो खुशाल म्हणू शकला असता, की मी घेणाऱ्याच्या बाजूचा. वाचकहो, सगळी गोम इथे आहे. दलाल चांगला की वाईट, हा प्रश्न आपण फार विचारतो. दलाल कोणाचा, हा विचारत नाही.

आणि दलाल लबाड नसला, तरीही त्याचे गणित आपल्यापेक्षा वेगळे असते. एकोणपन्नास आणि छप्पन्न यांत आमचे सात लाख गेले असते. एक टक्का दलाली धरली तर त्याचे जाणार होते फक्त सात हजार. सात हजारांसाठी त्याने आणखी दोन महिने का थांबावे? त्याला घर ‘चांगले’ विकले जाण्यापेक्षा ‘लवकर’ विकले जाणे सोयीचे. स्टीव्हन लेव्हिट आणि चाड सिव्हरसन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा हिशेब मांडून २००८ साली हेच दाखवले. दलालांनी स्वतःच्या मालकीची घरे विकली तेव्हा ती सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवली आणि किंमत सुमारे ३.७ टक्के जास्त मिळवली. स्वतःच्या घराला थांबायचे आणि दुसऱ्याच्या घराला घाई करायची, ही माणसाची रीत आहे. राग कशाला धरायचा? ती ओळखून असावे म्हणजे झाले.

यानंतर महिनाभर आमचा दलाल या जातीवरच विश्वास उरला नाही. वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिला उत्तरे आली, तीही बहुतेक दलालांचीच! शेवटी इमारतीतल्या एका काकूंनी पिठाच्या गिरणीशेजारी बसणाऱ्या एका बाईंचे नाव सुचवले. पन्नाशीच्या, चष्मा दोऱ्याला बांधलेला, बोलायला फटकळ. मी किंमत विचारली तर म्हणाल्या, “किंमत मग. आधी कागद दाखवा.”

कागद दाखवले. मूळ करार होता, आधीच्या मालकाचा करार होता, मालमत्ता कराच्या आणि सोसायटीच्या पावत्या होत्या. भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, हातात घेऊन त्या थांबल्या. “हे तर अजून तुमच्या वडिलांच्या नावावर आहे.”

बाबांना जाऊन चार वर्षे झाली. सोसायटीत त्यांनी वारस म्हणून आईचे नाव लावले होते, तेवढ्याने सगळे झाले अशी आमची समजूत. पण नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. ज्याचे नाव लावले त्याच्याशी सोसायटीने व्यवहार करायचा, एवढाच त्याचा अर्थ. वारसांचे हक्क त्याने जात नाहीत. घरावर आईचा, माझा आणि नागपूरच्या ताईचा असा तिघांचा हक्क होता. मी आणि ताईने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय एकट्या आईच्या सहीने ते निर्वेधपणे विकता येणार नव्हते. गिऱ्हाईक ठरल्यावर, त्याच्या बँकेच्या वकिलाने हे काढले असते, तर व्यवहार तिथेच मोडला असता.

ताईला फोन करताना माझी जीभ जड झाली होती. घराच्या व्यवहारात बहीणभावांची तोंडे कशी फिरतात, ते आपण सगळे पाहतो. ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सही करते. मला हिस्सा नको. पण मी आईला देतेय, तुला नाही. नव्या घरावर तिचं नाव पहिलं पाहिजे.” ती आली, आम्ही दोघांनी आईच्या नावे हक्क सोडला, आणि जाताना ताई मला म्हणाली, “त्या बाईंनी विचारलं नसतं तर तू विचारलं असतंस का रे?” याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

बाईंशी मात्र या खेपेला मी पत्र केले. साधे, दोन पानांचे, दोघांच्या सह्यांचे. त्यात पाच गोष्टी होत्या. वाचकांनी उतरवून घ्याव्यात.

पहिली, त्या आमच्या बाजूने काम करतील. घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार असतील किंवा घेणारा त्यांच्या नात्यातला असेल, तर आधी सांगतील.

दुसरी, दलाली किती आणि केव्हा. मुंबईकडे प्रत्येक बाजूने एक ते दोन टक्क्यांचा रिवाज आहे, पण तो रिवाज आहे, कायदा नव्हे. घासाघीस करायला हरकत नाही. आमची एक टक्का ठरली, आणि ती खरेदीखत नोंदवण्याच्या दिवशी, धनादेशाने, पावती घेऊन द्यायची. वेगळे काही ठरले नसेल तर काम पुरे झाल्याशिवाय मोबदला देणे लागत नाही, असे करार कायद्याचे २१९वे कलमही सांगते. दलालीवर वस्तू व सेवा कर लागणार का, तेही आधीच विचारावे.

तिसरी, आलेली प्रत्येक मागणी, कमी असली तरी, आम्हाला त्याच दिवशी कळवायची.

चौथी, बयाण्याची रक्कम थेट आमच्या बँक खात्यात येईल. रोख नाही, कोऱ्या कागदावर सही नाही, मूळ कागद ताब्यात देणे नाही आणि मुखत्यारपत्र तर नाहीच. नुसत्या मुखत्यारपत्रावर स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलेले आहे.

पाचवी, मुदत नव्वद दिवस. तोवर दुसऱ्या दलालाकडे जायचे नाही. आणि त्यांनी दाखवलेल्या गिऱ्हाइकाशी आम्ही पुढे सहा महिन्यांत परस्पर व्यवहार केला, तरी त्यांची दलाली द्यायची.

हे शेवटचे वाक्य बाईंनी घालायला लावले. मला तेव्हा ते जरा लागले. आपल्यासारख्या माणसांवर हा अविश्वास?

दरम्यान आम्ही नव्या इमारतीही पाहत होतो. तिथे निराळी तऱ्हा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे, ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणतात, नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पातली घरे विकणाऱ्या दलालालाही स्वतःची नोंदणी लागते. महाराष्ट्रात ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक पाहता येतो, प्रकल्पाचा वेगळा, दलालाचा वेगळा. १ जानेवारी २०२४ पासून तर दलालांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. एका जागी गुळगुळीत पुस्तिका हातात देऊन एक तरुण “साडेआठशे फूट” म्हणू लागला. मी म्हटले, “चटई क्षेत्र किती?” तो म्हणाला, “सहाशेच्या आत.” किंमत चटई क्षेत्रावर सांगायची, असा कायदा आहे. बाहेरच्या भिंती, गॅलरी, गच्ची हे त्यात धरत नाहीत. शिवाय करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. हे दोन प्रश्न विचारले, की समोरच्याच्या बोलण्याचा वेग आपोआप कमी होतो. जुन्या सोसायटीतल्या घराच्या फेरविक्रीत मात्र या कायद्याचा आधार फारसा मिळत नाही. तिथे आपले पत्र हाच आपला आधार.

श्रावणात बाईंनी गिऱ्हाईक आणले. बँकेत नोकरी करणारे तरुण जोडपे, जिने चढायची उमेद असलेले. साडेसत्तावन्न लाखांवर सौदा ठरला. आणि पुढच्या रविवारी तो तरुण एकटाच आला. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, “काका, आता आपली ओळख झाली. बाईंना मध्ये कशाला ठेवायचं? आमचं मन बदललं असं मी त्यांना सांगतो. महिन्याभराने आपण परस्पर करू. तुमचे साडेसत्तावन्न हजार वाचतील, माझेही तेवढेच.”

आता माझी शोभा. मी त्याला “नाही” म्हटले नाही. “बघू,” म्हटले. साडेसत्तावन्न हजार! नव्या घरातला ओटा, पडदे, सामान हलवण्याचा टेंपो असे सगळे मला त्यांत दिसू लागले. कागदावर सही होती खरी, पण एवढ्यासाठी कोर्टात कोण जाते? दोन दिवस मी गप्प होतो. दलालाने आम्हाला फसवले म्हणून चार महिने गावभर सांगत होतो, आणि आता एका दलालीणबाईंना फसवायचा हिशेब मीच मनात मांडत होतो.

हिच्या ते लक्षात आले होते. पण बोलली आई. तिच्या कानांना काही झालेले नाही. “त्या बाई तीन जिने चढून दोनदा वर आल्या,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा तर फक्त मला विचारायला, की नव्या घरात गॅलरी रस्त्याच्या बाजूला हवी की आतल्या. तू मला हे विचारलं होतंस? आणि त्यांना तू सांगणार, की गिऱ्हाईक आलं नाही?”

मी त्याच संध्याकाळी त्या तरुणाला फोन केला. तो बिचारा ओशाळला. खरे तर ओशाळायला हवे होते मी.

आणि बाईंची खरी गरज तर पुढेच लागली. आमच्या सोसायटीच्या मंडळींनी हस्तांतरणासाठी ‘विकास निधी’ म्हणून लाखभर रुपये मागितले. बाईंनी २००१ सालचे सरकारी परिपत्रक पुढे ठेवले. आमच्यासारख्या महापालिका क्षेत्रातल्या सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येते, आणि देणगीच्या नावाखालीही त्यावर मागता येत नाही. मागणी विरघळली. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का आयकर कापून सरकारात भरायचा असतो, त्याची आठवण त्यांनीच केली. आणि मग त्या तरुणाच्या बँकेचा धनादेश नऊ दिवस लांबला. इकडे आम्ही घेणार होतो त्या घराचे पैसे भरायची तारीख जवळ आलेली. एकाच्या पैशावर दुसऱ्याचे घर, अशी ही साखळी. एक कडी निसटली तर आमचा बयाणाही गेला असता. पण बाईंनी दोन्ही करारांत पंधरा दिवसांची सवलत आधीच घालून ठेवली होती. “बँक म्हटलं की उशीर धरायचाच,” एवढेच त्या म्हणाल्या.

बाईंचे सगळेच काही गोड होते असे नाही. जेवायच्या वेळी नेमका फोन करीत. अकरा घरे दाखवली, त्यांतली सहा कशाला दाखवली ते त्यांनाच ठाऊक. पण नोंदणीच्या दिवशी धनादेश देताना हात आखडला नाही. त्यांनी पावती लिहिली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “तो मुलगा रविवारी आला होता ना तुमच्याकडे? मला माहीत होतं. बहुतेक सगळेच येतात.”

मी काय बोलणार? तेवढ्यासाठीच ते पाचवे वाक्य होते. पत्र आपल्याला दलालापासून सांभाळते तसे दलालाला आपल्यापासून सांभाळते, हे मला त्या क्षणी कळले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही नव्या घरात आलो. गॅलरी रस्त्याच्या बाजूला, आईच्या पसंतीची. करारावर तिचे नाव पहिले आहे, त्याचा फोटो मुलीने आत्याला पाठवला. सामानाची खोकी अजून फोडायची होती. कोणाचे लक्ष नसताना आई दार लोटून बाहेर पडली. आमच्या ध्यानात आले तेव्हा सगळ्यांची धावपळ. पाच मिनिटांत लिफ्टचे दार उघडले आणि काठी एका हातात, झेंडूच्या फुलांची पिशवी दुसऱ्या हातात, अशी ती समोर उभी. वर्षभरानंतर एकटी खाली जाऊन आली होती.

“किती दिलेस?” हिने विचारले. आईने सांगितले. त्या पैशांत कोपऱ्यावर दुप्पट फुले मिळाली असती. पण कोणीच काही बोलले नाही.

सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. ज्यांचे घर यंदा बदलायचे आहे त्यांना जरा जास्त.